‘आंतरपेशीय’ की ‘अंतःपेशीय’?

प्रश्न असा आहे : ‘पेशीतील घटक आंतरपेशीय संवाद साधून चयापचयावर नियंत्रण ठेवतात’ हे वाक्य बरोबर आहे का? नसेल, तर ‘अंतर्पेशीय’ लिहावे का?

दोन्ही नको. ‘आंतरपेशीय’ने अर्थ चुकतो आणि ‘अंतर्पेशीय’ने संधी.

आधी अर्थ. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय या शब्दांमुळे ‘आंतर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोक्यात ‘दोन किंवा अधिक गोष्टींमधला’ हाच अर्थ येतो. संस्कृतात ‘आंतर’ म्हणजे ‘आतला’ हे खरे, आणि ‘आंतरिक’मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे. पण नवा शब्द घडवताना रूढीच्या विरुद्ध गेलो तर वाचक फसतो. स्वादुपिंडातल्या पेशींनी सोडलेले इन्सुलिन रक्तावाटे यकृताच्या पेशीपर्यंत पोहोचते, तो संवाद आंतरपेशीय. त्याच यकृतपेशीच्या आत एका अंगकाकडून (पेशीतला ठरावीक काम करणारा छोटा भाग) दुसऱ्याकडे कॅल्शियम जाते, तो अंतःपेशीय.

आता संधी. मूळ अव्यय ‘अंतर्’. पुढे मृदू वर्ण आला की र् राहतो : अंतर्गत, अंतर्मन, अंतर्ज्ञान. पुढे क किंवा प आला की विसर्ग होतो : अंतःकरण, अंतःपुर. पेशीतला ‘प’ कठोर, म्हणून अंतःपेशीय. ‘अंतर्पुर’ कोणी लिहीत नाही, तसेच ‘अंतर्पेशीय’ही लिहू नये. विसर्ग टंकायचा कंटाळा असेल तर ‘पेशीअंतर्गत’ लिहावे. मला तर तोच शब्द अधिक सरळ वाटतो.

हा घोळ होतो त्याला तसे कारणही आहे. ज्या घटनेबद्दल वाक्य आहे ती पेशीच्या *आत* घडते, पण अंगकांच्या *मध्ये* घडते. म्हणजे एकाच वाक्यात दोन्ही अर्थ हजर, आणि ‘मधला’ हा अर्थ चुकून पेशीला चिकटतो. ‘आंतर’ वापरायचेच असेल तर ते अंगकांना लावावे. त्यापेक्षा ‘अंगकांमधला’ बरे.

‘घटक’ही बदला. पाणी, क्षार, प्रथिने हे सगळे पेशीचे घटकच आहेत. इथे अभिप्रेत आहेत पेशीअंगके. ‘अंगक’मधला ‘क’ लहानपणा दाखवणारा आहे आणि ‘ऑर्गनेल’ या मूळ लॅटिन घडणीच्या शब्दातही तसाच लघुत्वदर्शक प्रत्यय आहे, त्यामुळे शब्द चपखल बसतो.

‘संवाद’ला माझी हरकत नाही. मथळ्यात तो चालतो. मजकुरात मात्र नेमके काय गेले ते सांगावे, नाहीतर अंगके गप्पा मारत बसली आहेत असे चित्र उभे राहते. आंतर्द्रव्यजालिका (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) या अंगकांचेच उदाहरण घेऊ. काही ठिकाणी या दोघींची पटले, म्हणजे बाहेरची पातळ आवरणे, एकमेकींपासून साधारण १० ते ३० नॅनोमीटरवर येतात आणि प्रथिनांच्या दुव्यांनी तिथे धरून ठेवली जातात. पटले एकजीव होत नाहीत, फट राहते. म्हणून या जागेला ‘सांधा’ किंवा ‘जोड’ म्हणू नये, ‘संपर्कस्थान’ म्हणावे. पेशीद्रवात एरवी मुक्त कॅल्शियमची पातळी १०० नॅनोमोलरच्या आसपास असते. जालिकेने कॅल्शियम सोडले की या फटीत ती क्षणभर १० मायक्रोमोलरच्या घरात, म्हणजे शंभरपट जाऊ शकते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरचा कॅल्शियमचा मार्ग एरवीच्या पातळीला दाद देत नाही, तो या उसळीला उघडतो. फट रुंदावली की ही उसळी पेशीद्रवात विरून जाते आणि निरोप पोहोचत नाही. आत गेलेले कॅल्शियम पायरुवेट डिहायड्रोजिनेजसारख्या विकरांना (एन्झाइमांना) चालना देते आणि एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, उत्पादन वाढते.

याला ‘संदेशवहन’ म्हणता येते. त्याच संपर्कस्थानी मेदही जातात, आणि तिथे ‘देवाणघेवाण’ हा शब्द हवा. फॉस्फॅटिडिलसेरिन (एक मेद) जालिकेत बनते, तंतुकणिकेत जाते, तिथे त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून फॉस्फॅटिडिलएथेनोलअमाइन होते आणि त्यातले काही पुन्हा जालिकेकडे परतते. संशोधक जीन व्हान्स यांनी १९९० मध्ये तंतुकणिकांना चिकटून येणारा जालिकेचा हा भाग वेगळा काढून त्यात मेद घडतात हे दाखवले होते.

‘नियंत्रण’ऐवजी ‘नियमन’. मराठीत नियंत्रण म्हटले की लगाम घालणे, वाढू न देणे, असा सूर लागतो. वरच्या उदाहरणात कॅल्शियम वेग *वाढवते*. पण तंतुकणिकेत ते प्रमाणाबाहेर साचले तर ती फुगते, पटल फाटते आणि पेशी मरू शकते. कमी पडले तर ऊर्जा कमी, फार झाले तर घात. दोन्ही बाजूंनी मर्यादेत ठेवणे म्हणजे नियमन.

‘चयापचय’बद्दल विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण त्याचा ‘पचना’शी संबंध जोडलेला सर्रास दिसतो. शब्दात ‘पच’ ऐकू येते ते अपघाताने : चय + अपचय. धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणे. संचय, परिचय त्याचेच. पचनाचा धातू ‘पच्’, तो वेगळा. चय म्हणजे घडण, अपचय म्हणजे मोडतोड; दोन्ही बाजू एका शब्दात आल्या आहेत.

असे नेमके नाव लाभण्याचे भाग्य सगळ्या अंगकांना मिळालेले नाही. ‘तंतुकणिका’ हे शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये दिलेल्या ग्रीक नावाचे शब्दशः रूप, धागा आणि कण. त्यात दिसणे आहे, काम नाही. ‘लयकारिका’ (लायसोसोम) त्याहून अडचणीची. नावावरून ती फक्त विरघळवणारी वाटते. प्रत्यक्षात अमिनो आम्ले पुरेशी आहेत की नाहीत याची खबर तिच्या पृष्ठभागावरच्या एमटॉरसी१ या प्रथिनसंकुलाला लागते. आम्ले कमी पडली की संकुल थंडावते, टीएफईबी हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि पेशीतलीच जुनी सामग्री मोडून वापरण्याची जनुके जागी होतात. नाव बदला असे मी म्हणणार नाही, रुळलेले आहे. पण ‘लयकारिकेकडून केंद्रकाला संदेश’ असे वाक्य आले तर वाचक अडखळेल, तिथे एक ओळ खुलाशाची द्यावी.

तर वाक्य असे करा : ‘पेशीअंगके एकमेकांशी संदेशांची व द्रव्यांची देवाणघेवाण करून चयापचयाचे नियमन करतात.’ ‘एकमेकांशी’ने काम भागल्यामुळे यात ना आंतर लागले, ना अंतः. मथळ्यासाठी विशेषण हवेच असेल तर ‘पेशीअंतर्गत संवाद’.