शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव सरकारला?

प्रश्न : आजोबा म्हणतात त्यांच्या काळी सरकार शंभरातले ९७ रुपये टॅक्स म्हणून घ्यायचं. खरंय का हे? आणि जास्त टॅक्सने लोक चोरीच करणार असतील तर सगळ्यांना एकदम कमी टॅक्स लावून का मोकळे होत नाहीत? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आजोबा खरं बोलतायत, पण अर्धंच. १९७१ ला इनकम टॅक्सचा सगळ्यात वरचा दर ८५ टक्के आणि त्या टॅक्सवर आणखी १५ टक्के सरचार्ज, म्हणजे झाले ९७.७५, आणि अर्थमंत्री कोण, तर तुमच्याच कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण! फक्त हा दर २ लाखांच्या वरच्या उत्पन्नालाच होता, आणि तेव्हा २ लाख कमावणारे असे होते किती. पण जे होते त्यांच्या हातात वरच्या प्रत्येक शंभरातले सव्वादोन रुपये राहणार, मग ते कशाला वहीत दाखवतील, डॉक्टर असो, नट असो की बिल्डर, सगळं कॅशमध्ये. पगारदार बिचारा अडकतो कारण त्याचा टॅक्स आधीच कापलेला असतो. काळ्या पैशाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या वांच्छू समितीनेही तेव्हा हेच सांगितलं, की दर खाली आणा, आणि १९७४ ला चव्हाणांनीच तो ७७ वर आणला. पुढे १९८५ ला तेव्हाचे अर्थमंत्री व्ही. पी. सिंगांनी ५० केला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकेत कॅन्सस राज्याने २०१२ ला हा प्रयोग करून बघितलाय. गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी टॅक्स तर कमी केलाच, वर छोट्या धंद्यांच्या मालकांना नफ्यावरचा राज्याचा इनकम टॅक्स शून्य! म्हणाले धंदे वाढतील, नोकऱ्या येतील. झालं काय, तर तिजोरीत खड्डा पडला, शाळा आणि रस्त्यांच्या पैशांची ओढाताण सुरू झाली, आणि कित्येकांनी नवा धंदा न काढता आहे तीच कमाई कागदावर धंद्याची म्हणून दाखवली. शेवटी २०१७ ला त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा व्हेटो मोडून बहुतेक कपात मागे घेतली.

म्हणून माझं मत विचाराल तर नुसता आकडा बघू नका, त्या टॅक्सच्या शेजारी पळवाट किती रुंद आहे ते बघा. कॅन्ससमध्ये दर तर कमी होता, तरी धंद्याच्या पळवाटेने पळाले ना लोक! सोन्याचंच घ्या, २०२२ ला आयात कर १५ टक्के झाला म्हणजे चोरून आणणाऱ्याला किलोमागे तेवढं मार्जिन सरकारनेच दिलं की, २०२४ ला ६ टक्क्यांवर आणल्यावर ते बरंच आटलं. आणि सगळ्यांना कमी टॅक्स म्हणताय, तर सरकारचा खर्च काही कमी होत नाही, इनकम टॅक्समध्ये सोडलेले पैसे पेट्रोलवरच्या टॅक्समधून आणि जीएसटीतून वसूल होतात, आणि तो टॅक्स आजोबांनाही तेवढाच लागतो.