जुनी, अनवट कॉमिक्स आता कुठे मिळतात? घेताना काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की लहानपणी वाचलेली इंद्रजाल कॉमिक्स आणि त्यांच्याहून अनवट असं काही जुनं आता कुठे सापडतं, आणि घेताना फसायचं कसं नाही. मला हे वेड लागून पंधराएक वर्षं झाली, त्यामुळे फसण्याचा अनुभव दांडगा आहे.

इंग्रजी इंद्रजालचा १२३ नंबर मी जवळजवळ सात महिने शोधत होतो. १२२ हातात होता, १२५ होता, मधले दोन काही केल्या मिळेनात. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे एक काका बसायचे, त्यांना दर खेपेला विचारायचो आणि ते दर खेपेला 'बघतो' म्हणायचे. शेवटी कंटाळून म्हणाले, "अरे, छापलाच नाही तो, तर मी आणू कुठून?" खरंच होतं. संपामुळे १२३ आणि १२४ निघालेच नव्हते. म्हणून नंबर ८०५ पर्यंत जातात आणि अंक भरतात ८०३. तेव्हापासून आधी यादी पाठ करतो, मग घराबाहेर पडतो.

इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद झालं. पहिल्या अंकापासून वेताळ, म्हणजे इंग्रजीतला मुखवटेवाला फँटम. आपल्याकडच्या अंकांत त्याचा बंगाला हा देश 'डेंकाली' झाला, कारण बंगालशी घोळ नको. इंग्रजी प्रती अजून बऱ्यापैकी मिळतात. खरी मारामारी मराठी अंकांची. माझा अंदाज असा की इंग्रजी अंक कपाटात जायचे, आणि मराठी अंक वाड्यातली दहा पोरं वाचून रद्दीत जायचे.

म्हणून माझा सल्ला: दुकानं नंतर, आधी वाचनालयं. गल्लीतली, महिन्याच्या वर्गणीवर चालणारी. ती बंद होताना कॉमिक्सचे गठ्ठे किलोवर जातात. पेठेतल्या अशाच एका वाचनालयातून मला वेताळाचे बारा मराठी अंक एकत्र बांधलेले मिळाले. बाइंडरने कडा इतक्या निर्दयपणे कापल्या होत्या की संवादांच्या काही फुग्यांतली शेवटची अक्षरं गेली होती. पिनांचा गंज तीन-तीन पानं आत उतरलेला. आणि कुण्या पोराने बाराही अंकांत, प्रत्येक चौकटीत, वेताळाच्या मुखवट्यातल्या पांढऱ्या डोळ्यांत पेन्सिलीने बुबुळं काढलेली! एकही चौकट सोडलेली नाही. संग्राहकाच्या भाषेत माल खराब. मी मात्र तो गठ्ठा कुणाला देणार नाही.

बाजारच म्हणाल तर पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार, मुंबईत फाउंटन आणि किंग्ज सर्कल, हैदराबादला गेलात तर आबिड्सचा रविवार. सकाळी लवकर जा. आणि 'कॉमिक्स आहेत का?' असं विचारू नका, भाव तिथेच चढतो. 'पोरांची जुनी पुस्तकं आहेत का?' म्हणा.

आता अनवट म्हणजे काय? ऐंशीच्या दशकात 'स्टार कॉमिक्स' निघायची. त्यांत अमिताभ बच्चन 'सुप्रीमो' नावाचा नायक होता आणि सुनील गावसकर चक्क गुप्तहेर! सुप्रीमोची चित्रं प्रताप मुळीक यांची. पुढे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नायक नागराजही पहिल्यांदा त्यांनीच काढला. ही कॉमिक्स दिसली तर घासाघीस करत बसू नका. दुसरं, अमर चित्रकथेचा 'कृष्ण' सगळे पहिला समजतात, पण त्याचा नंबर ११ आहे. १ ते १० हे सिंड्रेला वगैरे परदेशी परीकथांचे, आणि ते कन्नडमध्ये निघाले होते. मी आजवर त्यातला एकही हातात धरलेला नाही.

घेताना मधलं पान उघडा. पिनेपाशी असलेलं ते जोडपान सगळ्यात आधी सुटतं, आणि ते नसेल तर गोष्टीत चार पानांचं भगदाड पडतं. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने 'अस्सल, पूर्ण' म्हणून पाठवलेल्या अंकात वेताळ विहिरीत पडतो आणि पुढच्याच पानावर लग्नाला हजर असतो. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा आधी प्रत्येक पानाचा फोटो मागा. मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं असण्याची शंका आली तर भिंग लावा: जुन्या छपाईत रंगांचे ठिपके ओळीने बसलेले दिसतात, झेरॉक्समध्ये ते फिसकटलेले असतात. पुनर्मुद्रण ओळखायचं तर आतल्या पानावरची इतर पुस्तकांची यादी आणि किंमत बघा. यादी जितकी लांब, तितकी प्रत अलीकडची.

आणि घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. गंजलेली पिन अलगद काढून सुती दोऱ्याने टाका घातलेला बरा.

माझ्याकडे मराठी वेताळाचे चार अंक दुबार आहेत. बदल्यात मला इंद्रजालचाच दुसरा नायक बहादूर हवाय, आबिद सुरतींचा, गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांचा, तोही मराठीतला. कव्हर नसलं तरी चालेल, मधली पानं शाबूत असली म्हणजे झालं. असेल तर इथेच खाली कळवा.