दिसला रुपया, हाती आले झाकण

प्रश्न (वडोदऱ्याहून एक वाचक): संध्याकाळी सूरसागरच्या काठाने चालताना मला रुपया पडलेला दिसला, वाकून उचलला, तर ते बाटलीचे चेपलेले झाकण निघाले. न्यायदर्शनानुसार प्रत्यक्ष ज्ञानात (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानात) इंद्रियाचा वस्तूशी थेट संबंध येतो. मग तिथे नसलेल्या रुपयाशी माझ्या डोळ्यांचा संबंध कसा आला? आपल्याला दिसते ती ज्ञानातली आकृती, वस्तू नव्हे, असे मानणारे बौद्ध अधिक बरोबर नाहीत का?

उत्तर: आपल्या डोळ्यांचा संबंध रुपयाशी आला नाही, झाकणाशी आला, आणि नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, उत्तर इथूनच सुरू होते. गौतमांच्या न्यायसूत्रात (१.१.४) प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि अर्थ (वस्तू) यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संबंधातून, उत्पन्न झालेले असावे एवढ्यावर भागवलेले नाही, ते ‘अव्यभिचारि’ही असावे, म्हणजे वस्तू जशी आहे तशीच ती दाखवणारे असावे, अशी अट आहे. संनिकर्ष घडूनही ज्ञान चुकू शकते, हे सूत्रकारांनी गृहीतच धरले आहे.

‘हा रुपया आहे’ या ज्ञानातील ‘हा’ खरा होता. आपला हात नेमका झाकण होते तिथेच गेला, हा त्याचा पुरावा. चुकले ते विशेषण. झाकणाच्या गोल, चकचकीत कडेमुळे पूर्वी पाहिलेल्या रुपयाचा संस्कार जागा झाला आणि अन्यत्र असलेले रुपयापण इथे भासले. यालाच अन्यथाख्याती म्हणतात. मात्र स्मरणातून आलेले रुपयापण ‘दिसले’ असे म्हणण्यासाठी पुढील नैयायिकांना ज्ञानलक्षण नावाचा अलौकिक संनिकर्ष, म्हणजे पूर्वीच्या ज्ञानाच्या द्वारे येणारा संबंध, मानावा लागला, आणि माझ्या मते या उपपत्तीचा सर्वांत नाजूक सांधा हाच आहे.

प्रभाकरांच्या अनुयायी मीमांसकांनी (मीमांसा हे दुसरे एक दर्शन) हा सांधा टाळला. त्यांच्या मते इथे समोरच्या वस्तूचे प्रत्यक्ष आणि रुपयाचे स्मरण अशी दोन निर्दोष ज्ञाने आहेत. त्यांच्यातील भेद तेवढा लक्षात आला नाही. यावर नैयायिक विचारतात की, भेद न कळणे हा नुसता अभाव असेल, तर माणूस वाकतो कशाने? रुपया हवा असणारा माणूस ‘हाच रुपया’ असे वाटल्याशिवाय हात पुढे करणार नाही. मला हा आक्षेप निर्णायक वाटतो.

आता बौद्धांविषयी. सगळ्यांचे मत एक नाही, आणि आपण म्हणता ती आकृती प्रामुख्याने सौत्रांतिक या बौद्ध पंथाची: ज्ञान साकार असते, म्हणजे वस्तूचा आकार ज्ञानातच असतो, आणि बाह्य वस्तू त्या आकारावरून अनुमानाने कळते. पण अनुमानाला व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे नियमित साहचर्य, लागते. धूर आणि अग्नी एकत्र पाहिले म्हणून धुरावरून अग्नी कळतो. आकार आणि वस्तू एकत्र कुणी, कधी पाहिली? हा प्रश्न अखेरपर्यंत नेला, की बाह्य वस्तूच अनावश्यक ठरवणाऱ्या विज्ञानवादापाशी पोचणे जवळजवळ अटळ होते. म्हणूनच नैयायिक ज्ञान निराकार मानतात: आकार झाकणाचा असतो, ज्ञान तो केवळ प्रकट करते.

विज्ञानवादाची बाजू मुळातून वाचायची असेल, तर ती आपल्याच गावी छापली गेली आहे. बौद्ध आचार्य शांतरक्षितांचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलांच्या पंजिकेसह (टीकेसह) १९२६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्यक्षपरीक्षा हे प्रकरण आधी वाचावे आणि मग बाह्य वस्तूंविषयीचे बहिरर्थपरीक्षा. मीमांसक कुमारिल, नैयायिक उद्द्योतकर यांसारख्या प्रतिपक्ष्यांची मते तिथे इतक्या बारकाईने मांडली आहेत की, नैयायिकांची बाजूही आपल्याला त्याच ग्रंथात भेटेल.