चिल्ड्रेन्स नर्सिंगची पदवी: तीन वर्षांत नेमके काय शिकवतात?

ताई, तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ए-लेव्हल (बारावीच्या पातळीचे शिक्षण) करणाऱ्या तुमच्या मुलीला चिल्ड्रेन्स नर्सिंगची, म्हणजे आजारी मुलांच्या शुश्रूषेची, पदवी घ्यायची आहे, आणि तिने आधी अ‍ॅडल्ट नर्सिंग (मोठ्यांची शुश्रूषा) करावे, म्हणजे पाया पक्का होईल व मुलांकडे नंतर वळता येईल, असे तुम्हा दोघांना वाटते. शिवाय ‘मुलांना सांभाळण्यात तीन वर्षे शिकण्यासारखे काय असते’ असेही तुम्ही प्रांजळपणे विचारले आहे. मी कोल्हापूरहून बी.कॉम. होऊन, लग्नानंतर इथे आले. चौतिसाव्या वर्षी अ‍ॅक्सेस कोर्स (विद्यापीठप्रवेशाच्या तयारीचा अभ्यासक्रम) करून याच पदवीला प्रवेश घेतला आणि आता अकरा वर्षे मुलांच्या वॉर्डात आहे. गेली काही वर्षे विद्यार्थिनींची प्रॅक्टिस असेसर, म्हणजे त्यांचे वॉर्डातले काम तपासणारी परीक्षक, म्हणूनही काम करते, तेव्हा जे पाहिले तेच लिहिते.

आधी शाखेचा मुद्दा. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आणि सर्वसाधारण असते. बालआरोग्य हा त्यातला एक विषय, आणि विशेष प्रावीण्य एम.एस्सी.ला. ब्रिटनमध्ये मात्र नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे अ‍ॅडल्ट, चिल्ड्रेन्स, मेंटल हेल्थ (मानसिक आरोग्य) आणि लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता) अशा चार शाखांत नोंदणी होते, आणि कोणत्या शाखेत जायचे हे यूकॅसचा, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशाचा, अर्ज भरतानाच ठरवावे लागते. मुलांच्या परिचारिकेची वेगळी ओळख इथे जुनी आहे. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय १८५२ साली दहा खाटांनिशी सुरू झाले, आणि १९१९ च्या नोंदणी कायद्याने आजारी मुलांच्या परिचारिकांसाठी नोंदवहीत स्वतंत्र भाग ठेवला. त्यामुळे ‘आधी अ‍ॅडल्ट, मग मुले’ ही पायरीपायरीची चढण इथे नाही. अ‍ॅडल्ट शाखेच्या काही जणी नवजात कक्षांत काम करतात हे खरे, पण मुलांची परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर पुन्हा विद्यापीठात जावे लागते. तिचा कल स्पष्ट असेल तर वळसा घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

याला एक खरी अडचण आहे आणि ती आताच सांगते, कारण ती बहुतेकांना पदवी हाती आल्यावर कळते. अनेक देशांत परिचारिकेची नोंदणी सर्वसाधारण असते. अमेरिकेत जायचे झाले तर मोठ्यांच्या वॉर्डातले, प्रसूतीचे, मानसोपचाराचे शिक्षण झाले आहे का, हे तपासले जाते, आणि केवळ मुलांच्या शाखेतली पदवी तिथे अपुरी पडू शकते. पुढे भारतात किंवा अन्यत्र जाण्याचा विचार असेल तर त्या त्या देशाच्या नर्सिंग परिषदेचे नियम प्रवेशापूर्वीच वाचा. आयर्लंडमध्ये मुलांचे आणि सर्वसाधारण नर्सिंग एकत्र शिकवणारी साडेचार वर्षांची पदवी आहे, तोही एक पर्याय आहे.

आता शिकण्यासारखे काय असते ते. अभ्यासक्रम किमान ४६०० तासांचा, त्यातले २३०० तास वर्गातले आणि २३०० प्रत्यक्ष कामाचे. कामाच्या तासांपैकी काही भाग आता सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यांवर आणि रचलेल्या प्रसंगांतून पुरा करता येतो. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, संशोधन, कायदा हे सगळे असतेच, पण प्रत्येक विषय वयानुसार पुन्हा शिकावा लागतो. मिनिटाला १४० ठोके हे झोपेतून उठलेल्या नवजात बाळासाठी साधे आहेत. तेच मोठ्या माणसात दिसले तर धावपळ होते. मूल आजाराला बराच वेळ तोंड देते, रक्तदाब सावरून धरते आणि मग एकदम ढासळते, म्हणून रक्तदाब घसरण्याची वाट पाहत बसणे इथे चालत नाही. त्याआधीच्या खुणा, म्हणजे श्वासाचा वेग, बरगड्यांखाली आत ओढली जाणारी कातडी, आपण ज्याला ‘पोट उडतंय’ म्हणतो ते, आणि बाळाचे अचानक गप्प होणे, हे ओळखायला शिकण्यातच पहिले वर्ष सरते.

आणि हिशेब. मुलांना बहुतेक औषध वजनावर दिले जाते. समजा मूल १२.४ किलोचे आहे आणि शिरेतून पॅरासिटामॉल द्यायचे आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८६ मिलिग्रॅम. द्रावणात एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे १८.६ मिलिलिटर. गणित सातवीचे आहे, पण दशांशचिन्ह एक घर सरकले की दहापट औषध जाते, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत इतक्या बाटल्या लागताना पाहून शंका आली असती, तशी इथे येत नाही, कारण लहान मुलाची दहापट मात्राही दोन बाटल्यांत मावते. म्हणून दोघींनी स्वतंत्रपणे हिशेब करून मग आकडे जुळवण्याची शिस्त लावतात, आणि पात्र होण्यापूर्वी हिशेबाच्या परीक्षेत १०० टक्के मिळवावेच लागतात. तुमच्या मुलीला गणिताचा कंटाळा असला तरी हरकत नाही, मात्र तिला आकड्यांत निष्काळजीपणा नको.

प्लेसमेंटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या तासांत, वॉर्ड, नवजात कक्ष, शस्त्रक्रियागृह, हेल्थ व्हिजिटर (घरी जाऊन लहान बाळांना पाहणारी परिचारिका), स्कूल नर्स, विशेष शाळा असे फिरवतात. शिफ्ट बहुधा सकाळी साडेसात ते रात्री आठ, आणि पगार नाही. थंडीत ब्रॉन्किओलायटिसच्या (बारीक श्वासनलिकांच्या संसर्गाच्या) बाळांनी वॉर्ड भरून जातो. तेव्हाचा माझा एक प्रसंग. पहिल्या वर्षी चार महिन्यांच्या एका बाळाचे श्वास मोजायला मी गेले ती थेट थर्मामीटर पुढे करून. बाळ किंचाळले आणि मी रडण्यातलेच श्वास मोजून आकडा लिहिला. माझ्या पर्यवेक्षक परिचारिकेने तो खोडायला लावला, मला खाटेपासून दोन पावले मागे उभे केले आणि आईच्या कुशीत बाळ निवेपर्यंत थांबवले. मग पूर्ण एक मिनिट, हात न लावता, नुसती छाती पाहत मोजायला सांगितले. दोन आकड्यांत वीसचा फरक निघाला. ‘तापमान नंतर घेतलंस तरी चालेल, श्वास नंतर मिळत नाही’, एवढेच ती म्हणाली. आज मीही विद्यार्थिनींना तसेच मागे उभे करते.

त्याच बाळाच्या आईला मी दुपारी ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ असे म्हणून बसले. आपल्याकडे हे धीराचे बोलणे. ती शांतपणे म्हणाली, ‘हे तुम्हाला कसं माहीत?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. या पदवीतला सर्वांत अवघड भाग मुले नाहीत, त्यांच्याजवळ बसलेली माणसे आहेत. एके काळी इथल्या रुग्णालयांत आईवडिलांना ठरावीक वेळीच, तेही थोडा वेळ, भेटू देत. रुग्णालयातल्या मुलांविषयीच्या १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने ती पद्धत मोडण्याची शिफारस केली, आणि आज आई रात्री खाटेशेजारीच झोपते. ती थकलेली असते, घाबरलेली असते, कधी चिडलेली असते, आणि आपल्या मुलाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणत असते. तिला खरे सांगायचे, धीरही द्यायचा, आणि गरज पडली तर तिच्याविषयीची शंका नोंदवायचीही. बालसंरक्षणाचा विषय म्हणूनच तीनही वर्षे चालतो.

मराठी घरातून आल्याचा इथे उपयोग होतो. आपल्या बाळांच्या कमरेवर, पाठीवर जन्मतः निळसर डाग असतात. ते मार लागल्याचे वण समजले जाऊ नयेत म्हणून त्यांची जन्मावेळीच नोंद हवी, हे वर्गात शिकवतात, पण मी तो डाग माझ्या भाचीच्या पाठीवर आधीच पाहिला होता. सावळ्या त्वचेवर ओठांची, जिभेची निळाई पाहावी लागते, गालांवर ती कळत नाही. एकदा एका आजींनी सहा महिन्यांच्या नातवाला मधात उगाळलेली घुटी दिली होती. एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझमच्या (जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेच्या) धोक्यामुळे मध देऊ नये, हे त्यांना सांगणे भागच होते, पण कपाळाला आठी न घालता सांगितले म्हणून त्यांनी उरलेली घुटी स्वतः दाखवली. मात्र संमतीसारख्या बाबतीत आपण दुभाषी होऊन चालत नाही, अधिकृत दुभाषीच बोलवावा लागतो.

पैशांचे थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये जुनी बर्सरी (सरकारी विद्यावेतन) बंद झाली. आता फी आणि खर्चासाठी कर्ज मिळते, आणि पात्र विद्यार्थ्यांना २०२० पासून वर्षाला ५००० पौंडांचे परत न करायचे अनुदान मिळते. प्लेसमेंटच्या आठवड्यांत अर्धवेळ नोकरी जमेल असे गृहीत धरू नका. नोकरी करता करता पदवी देणारी पगारी डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिपही असते, पण जागा थोड्या. भारतातल्या भाच्यांसाठी विचारणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे की परदेशी विद्यार्थ्यांना फी बरीच जास्त पडते आणि हे अनुदान मिळत नाही.

अर्ज जानेवारीतल्या मुदतीपूर्वी जायला हवा. जीसीएसईत (सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत) इंग्रजी आणि गणित बहुतेक सगळीकडे लागतेच. ‘मला लहान मुले फार आवडतात’ असे तिने म्हटल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य तिला अर्जातून काढायला सांगा, कारण ते प्रत्येकीच्या अर्जात असते. त्याऐवजी तिने येत्या सुट्टीत एखाद्या विशेष शाळेत किंवा अपंग मुलांच्या क्लबमध्ये काही आठवडे मदत करावी, आणि एखादे मूल तिचे मुळीच ऐकत नव्हते तेव्हा तिने काय केले, ते लिहावे. मुलाखतीत मी स्वतः हेच विचारते.