लिहिणाऱ्यांचे प्रश्न : बंड एकाएकी का होतं?

प्रश्न : माझ्या किशोर-कादंबरीत कोटकर आणि तळकरी असे दोन समाज आहेत. तळकऱ्यांना सावली वश असते, म्हणून कोटकर त्यांना कोटाबाहेर ठेवतात. १५ वर्षांची तळकरी ओवी बंड करते. शेवटी ती कोटकर राजाची हरवलेली मुलगी निघते. ज्यांनी ती वाचली ते म्हणतात, द्वेष खोटा वाटतो आणि बंड अचानक होतं. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : घोळ जादूपासूनच आहे. सावली खरोखर माणूस मारत असेल तर कोटकरांची भीती रास्त ठरते. तो पूर्वग्रह राहत नाही, खबरदारी होते. सावलीची ताकद दिवा विझवण्यापुरती ठेवा. नाहीतर कोटकरांच्या घरीही तशी पोरं जन्मतात आणि घरचे ते लपवतात, असं करा. दुसरी वाट जास्त कामाची.

द्वेष शिव्याशापांत कमी, हजेरीपटात जास्त दाखवा. नमुना तुमच्याच गावात आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरली. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हजेरी लागे, बाहेर जायला पास लागे आणि गिरण्यांना तिथून मजूर मिळत. १९५२ साली कायदा गेला, संशय गेला नाही. तेव्हा तळकऱ्यांना बाहेर ठेवण्यात फायदा कोणाचा, हे आधी ठरवा. मग दोन-तीन नियम पहिल्या दोन प्रकरणांत नुसते घडू द्या, समजावू नका.

बंडाला पायऱ्या हव्यात. पहिला नियम ओवी घरगुती कारणाने मोडते, भावाच्या औषधासाठी म्हणा. दुसऱ्यांदा शिक्षा भलत्यालाच होते. तिसऱ्यांदा ती ठरवून मोडते. आणि जिंकल्यावर पुढे काय? ५ मे १९३०ला गांधीजींना अटक झाली, ८ तारखेला सोलापुरात गोळीबार झाला, पोलीस गाव सोडून गेले आणि मार्शल लॉ येईपर्यंत गाव लोकांच्या हाती होतं. मधल्या त्या मोकळ्या दिवसांत रस्ते कोण सांभाळतो, धान्य कोण वाटतो, भांडणं कोण मिटवतो? नवे लेखक नेमकं हेच गाळतात. तिथे एक अख्खं प्रकरण द्या.

राजकन्येचा शेवट मात्र काढाच. ओवीचा हक्क रक्तातून आला तर कादंबरी कोटकरांचंच म्हणणं मान्य करते. त्यापेक्षा तिचा बाप हजेरी घेणारा तळकरी मुकादम करा. मग पहिलं भांडण घरातच लागेल.