भोक बावीसचं, तरी बेअरिंग बसेना

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. बाहेरून २२ मिमी व्यासाच्या ६०८ बेअरिंगसाठी २२ मिमी भोकाचं हाऊसिंग (बेअरिंग बसायचा ठोकळा) ओपनएससीएडी या कोड लिहून आकार काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं. थ्रीडी प्रिंटमध्ये बेअरिंग बसेना. सीएनसीवाल्याने तर एसटीएल फाईल परत पाठवली, ‘स्टेप फॉरमॅटमध्ये द्या’ म्हणाला. माझं काय चुकलं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माप तुम्ही बरोबरच टाकलंत. पण ओपनएससीएडी तुमचं वर्तुळ बहुभुज करून ठेवतं. वेगळं काही सांगितलं नाही, तर या मापाला ३० बाजू. कोपरे वर्तुळावर, पण सपाट बाजू आत. ११ गुणिले कोसाइन ६ अंश म्हणजे १०.९४. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत २२ भरतात, सपाट बाजूंमध्ये २१.८८च. भोकात नख फिरवून बघा, दर २.३ मिमीला कोपरा लागेल. प्रिंटचं प्लास्टिक आणखी थोडं आत येतं ते वेगळं.

डॉलर-एफएन, म्हणजे बाजूंची संख्या, १८० ठेवा, फरक ०.००३ मिमीवर येईल. प्रिंटचं भागलं.

सीएनसीवाल्याची अडचण मात्र याने वाढते. एसटीएलमध्ये आकार नुसत्या त्रिकोणांचा असतो, बाजू वाढल्या की त्रिकोणही वाढतात. रबाळ्याला एका शॉपमध्ये मी अशीच फाईल घेऊन गेलो होतो. व्हीएमसीवरच्या (उभ्या सीएनसी मशीनवरच्या) मुलाने भोकावर क्लिक केलं, तर एक अरुंद त्रिकोण तेवढा निळा झाला. त्याला हवा होता बोअरचा, म्हणजे भोकाचा, मध्य आणि व्यास, आणि ते फाईलमध्ये कुठेच नव्हते. ओपनएससीएडीत कडेला थेट फिलेट (गोलाई) देता येत नाही, त्याचंही मूळ हेच आहे. त्याच्या नव्या मॅनिफोल्ड इंजिनमुळे रेंडर (आकार तयार होणं) खूप जलद झालं, ही मोठीच सोय, पण तेही त्रिकोणांवरच चालतं.

फ्रीकॅड किंवा कॅडक्वेरी ही डिझाइनची साधनं वापरा. दोन्हींच्या पोटात ओपनकॅस्केड हे भूमितीचं इंजिन आहे. तिथे सिलिंडर अक्ष आणि त्रिज्येसकट राहतो आणि स्टेपमध्ये तसाच उतरतो. कोड लिहायची सवय असेल तर कॅडक्वेरी लवकर जमेल, ते पायथनच आहे. ओपनएससीएडीतून काढलेली तुमची सीएसजी फाईल फ्रीकॅडमध्ये उघडता येते, साधे सिलिंडर नीट येतात, हल आणि मिन्कोव्स्की या कमांडनी केलेले भाग मात्र त्रिकोणीच राहतात. एसटीएलचं नुसतं स्टेप करून पाठवू नका. त्यात तेच त्रिकोण असतात, आणि तो मुलगा ती फाईलही परत करेल.

तुमचं हाऊसिंग म्हणजे एक ठोकळा आणि चार-पाच भोकं. नव्यानेच काढा. बोअरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) ड्रॉईंगवर लिहून द्या, तो स्टेपच्या आकारातून कळत नाही.