टोमॅटोची बगलफूट काढायची की नाही?

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांमध्ये टोमॅटो लावलाय. रोपं गुडघ्याएवढी झालीत. शेजारचे काका म्हणतात, छाटल्याशिवाय फळ धरणार नाही. व्हिडिओत तर एकच खोड ठेवून बाकी सगळं उडवतात. नेमकं काय छाटू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फळ न छाटताही धरतं, काकांना सांगा. छाटणी करायची ती झाड आटोक्यात राहावं आणि आत वारा खेळावा म्हणून.

आधी बियाण्याचं पाकीट शोधा. 'पुसा अर्ली ड्वार्फ'सारखी बुटकी जात असेल तर तिच्या फांद्यांना हातच लावू नका. ती ठरावीक उंचीवर थांबते, मोजक्याच फांद्यांवर फळते. फांदी काढली की तिच्यावरचे टोमॅटोही गेले. 'पुसा रुबी'सारखी वाढतच राहणारी असेल, तर मात्र बगलफूट काढा. पाकीट हरवलं असेल (माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं हरवलेलंच असतं), तर थोडं थांबा. शेंडा फुलांच्या घोसातच संपला, तर जात बुटकी.

बगलफूट म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारा कोंब. बोटभर असतानाच चिमटीने मोडा, कात्री लागत नाही. सकाळी, पानांवरचं दव वाळल्यावर. पाऊस पडून गेल्यावर नको, ओल्या जखमेतून रोग शिरतो. पहिल्या फुलांच्या घोसाखालचा कोंब सहसा जोमदार असतो. तो राखा आणि दोन खोडं वाढवा. दोन्ही खोडं काठीला सुतळीने सैलसर बांधा. मातीला टेकणारी खालची पानं मात्र जात कुठलीही असो, काढाच. पाणी घालताना उडणाऱ्या मातीबरोबर करपा तिथूनच वर चढतो.

फळांवरची पानं काढू नका. तुम्ही पाहता ते व्हिडिओ बहुधा थंड मुलखातल्या काचघरांतले. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली फळं भाजतात, पांढरट डाग पडून तिथे मऊ होतात.

घरात कुणी तंबाखू मळत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला झाडांजवळ फिरकू देऊ नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो. रागावले तर रागावू देत.

एखादी बगलफूट नजरेतून सुटून वीतभर वाढलीच, तर ती कापून ओल्या मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. टोमॅटोचं खोड सहज मुळं धरतं, नवं रोप फुकटात मिळेल.